वितळखाते

फ्रीझर आला तो बैलगाडीतून, आडवा,
दवाखान्यात नेतात तसल्या म्हाताऱ्यागत,
आणि मिंझा शेजारी, एक हात झाकणावर ठेवून.
"एक दिवस उभा ठेवा, मग चालू करा,"
म्वान्झाचा विकणारा म्हणाला होता.
ती दोन दिवस थांबली.
भिशी संपलेली, विकायला काही नाही,
आणि दारात ते पांढरं, मुकं, उभं.

मी तेव्हा सातवीत.
माझ्या गणिताच्या वहीची मागची पानं
बहिणीनं मागून घेतली. रकाने दोन : आले, गेले.
पहिल्या रात्री चाळीस पिशव्या बर्फ
सरोवरावर निघालेल्या नावांसाठी.
सव्वीस खपल्या.
उरलेल्या चौदा पहाटेपर्यंत टोपलीत
आपापल्या पिशवीत गप्प झाल्या.
"लिही : पाणी."
कुठल्या रकान्यात, मी विचारलं.
तिला सांगता येईना.
म्हणून तिसरा रकाना पडला. वितळ.

भाव ठरवायला आठवडा गेला.
वीज इतकी, पिशव्या इतक्या, भिशीचा हप्ता इतका.
पाणी फुकट, मी म्हणालो.
ती मान चोळत म्हणाली,
"फुकट खरं, पण नळापासून इथवर
ते चालत येत नाही ना."

माबुलाची नाव उधारीवर न्यायची.
आज बर्फ, परवा मासळी.
परवा वारा होता. तेरवा जाळं फाटलं.
मग तो दुसऱ्याच धक्क्यावर नाव लावू लागला.
मिंझा भांडायला गेली नाही.
वहीत त्याचं नाव होतं तिथं तिनं
वितळच्या रकान्यात आकडा सरकवला, म्हणाली,
"ही सगळ्यात महाग पिशवी.
आता हिची किंमत बाकीच्यांकडून नाही घ्यायची,
माझ्याच अकलेकडून घ्यायची."

मग वीज गेली. तीन दिवस.
वितळच्या रकान्यात मी इतकं लिहिलं
की पान पुरेना.
आई म्हणाली, सोड पाणी या धंद्यावर.
मिंझा हसली. "ते तर रोजच सोडतेय."
चौथ्या दिवशी ती भाताच्या गिरणीवर गेली,
कोंड्याची तीन पोती घेऊन आली. कोंडा फेकायचाच होता,
गिरणीवाल्याला वाटलं, हिचं डोकं फिरलं.
कोंड्यात पुरलेला बर्फ सकाळपर्यंत टिकला.
थोडा मातकट, पण टिकला.

नंतर कारखान्याचा ट्रक आला.
निम्म्या भावात, मोठ्या लाद्या, भोंगा वाजवत.
दोन दिवस आमच्या दारात कोणी नाही.
मिंझा धक्क्यावर बसून नुसती बघत राहिली.
ट्रक आठला येतो. नावा लागतात साडेतीनला.
दलाल येतो पाचला,
सांगाराच्या गालाखाली अंगठा दाबतो,
आणि अंगठा सांगेल तो भाव.
"मला वाटायचं मी बर्फ विकते," ती म्हणाली.
"मी साडेतीन ते पाच विकते."
त्या दिवसापासून तिच्या झोपेचं
वेळापत्रक उलटं झालं. आणि माझंही.

वहीत चौथा रकाना मी माझ्या मनानं आखला :
मिंझा.
अकरा आठवडे तिथं शून्य. ती म्हणायची,
घरचंच तर आहे, मला कशाला मजुरी.
मी म्हणालो, मग नळापासून इथवर
पाणी चालत येतं, असंच लिहितो.

ती काही बोलली नाही.
बाराव्या आठवड्यात, अजून उजाडायचं होतं,
तिनं डब्यातून हजाराची नोट काढली,
चोरी करावी तसं आजूबाजूला बघत,
आणि धक्क्यावरून चार गरम मंदाझी आणल्या.
झाकणावर चढून बसली, पाय हलवत खाल्ल्या.
मला एकच दिली.
खाली फ्रीझर गुरगुरत होता, तिच्या टाचांना कंप.
"लिहिलंस का?"
तेलकट बोटांनी मी लिहिलं.
त्या पानावर तो डाग अजून आहे,
आकडा पुसट झालाय.